पीएसपी-3000, थ्रीडीएस आणि स्विच : वर्गातल्या मुलांनी लिहिलेले मराठी प्रोग्राम यांवर चालवायचे आहेत

राजारामपुरी_रविवार

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजारामपुरीत दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांना सी भाषा शिकवतो. वर्गाला तीन वापरलेले हँडहेल्ड (हातात धरून खेळायची गेम मशीनं) भेट मिळाले आहेत. त्यांवर मुलांनी लिहिलेला शब्दखेळ चालवायचा आहे : चित्र बघून आपल्या जिल्ह्यातलं गाव, किल्ला किंवा नदी ओळखायची. उत्तरं मराठीतच दिसली पाहिजेत. बाजारातले गेम उतरवून खेळणं हा हेतू नाही, वर्गात तशी परवानगीही नाही.

हातात काय आहे ते सांगतो. पहिला सोनीचा पीएसपी-3000, फर्मवेअर (मशीनची आतली प्रणाली) 6.20, मागचं झाकण नीट बसत नाही. दुसरा निंटेंडोचा जुना थ्रीडीएस, फर्मवेअर 11.17. तिसरा निंटेंडोचाच पहिल्या पिढीचा स्विच, त्याला अजून हात लावलेला नाही.

अडचणी अशा. पीएसपीसाठी नमुना प्रोग्राम बनवून कार्डावर टाकला तर 80020148 असा एरर येतो. अपडेट करावं म्हटलं तर पीएसपी वायफायला जोडलाच जात नाही, मोबाईल मात्र त्याच राउटरवर व्यवस्थित चालतो. शहरातला एक दुकानदार म्हणतो की तिन्ही मशीनला चिप बसवावी लागेल, आठ दिवस ठेवून जा. हे खरं आहे का? आणि शाळकरी मुलांच्या वर्गात हे करणं कायद्यात बसतं का?


उद्यमनगर_सोल्डर

आधी दुकानातून मशीन परत आणा, दिली असतील तर. पीएसपी आणि थ्रीडीएस या दोन्हींना कसलीही चिप लागत नाही. सगळं काम मेमरी कार्डावरून होतं.

झाकण बसत नाही म्हणजे बॅटरी फुगली आहे. पहिलं काम तेच. बॅटरी काढा, दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. 3000 ची मूळ बॅटरी 3.6 व्होल्ट, 1200 एमएएचची. 1000 मॉडेलची जाड 1800 एमएएचची बॅटरी यात साध्या झाकणाने बंद होत नाही, ती गळ्यात मारून घेऊ नका. पीएसपी नुसत्या चार्जरवरही चालतो (5 व्होल्ट, गोल पिन 4.0 बाय 1.7 मिमी, मधला भाग पॉझिटिव्ह), त्यामुळे वर्गात सराव करायला बॅटरी नसली तरी अडत नाही. फर्मवेअर अपडेट करताना मात्र चार्ज झालेली बॅटरी आणि चार्जर दोन्ही जोडलेले हवेत. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि फ्लॅशवर (मशीनच्या आतल्या कायम मेमरीवर) लिहीत असताना वीज गेली तर मशीन उठत नाही.

वायफायचं कारण सरळ आहे. पीएसपीला 802.11बी आणि जास्तीत जास्त डब्ल्यूपीए (वायफायची जुनी सुरक्षा पद्धत) कळतं, डब्ल्यूपीए-2 कळत नाही. आजचे राउटर त्याच्याखाली उतरत नाहीत. राउटरची सुरक्षा कमी करत बसू नका, अपडेट कार्डावरूनच करा.

कार्ड : मेमरी स्टिक प्रो ड्युओचं अडॅप्टर आणि त्यात 16 किंवा 32 जीबीचं मायक्रोएसडी. स्वस्तात मिळणारी अनेक कार्डं नकली असतात, 32 लिहिलेलं असतं आणि आत 4 असतात. उबंटूवर एफ3 किंवा विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यूने पूर्ण तपासून घ्या, मगच वापरा. फॉरमॅट पीएसपीच्या मेनूतूनच करा, म्हणजे फोल्डरही तोच तयार करतो. अडॅप्टर ढिलं असेल तर गेम मध्येच गोठतो आणि दोष प्रोग्रामला जातो. संपर्काच्या पट्ट्या 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

पुढची वाट :

6.61 ची अधिकृत अपडेट फाईल घ्या. कार्डावर पीएसपी, त्यात गेम, त्यात अपडेट या फोल्डरमध्ये ती ईबूट.पीबीपी नावाने ठेवा आणि गेम मेनूतून चालवा. फोल्डरचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत नसलं तर मेनूत दिसत नाही, निम्म्या लोकांचं घोडं इथंच अडतं.

मग एआरके-4 घ्या, म्हणजे कंपनीची सही नसलेले प्रोग्रामही चालू देणारं बदललेलं फर्मवेअर. त्यात दोन फोल्डर असतात. एआरके_01234 जातो सेव्हडेटामध्ये, एआरके_लोडर जातो गेममध्ये. लोडर चालवला की काही सेकंदांत मेनू परत येतो. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये एआरकेचं नाव दिसलं की झालं. आता तुमच्या प्रोग्रामची ईबूट फाईल चालेल.

पॉवरची पट्टी हलकी सरकवून झोपवलात तर हे टिकतं. धरून ठेवून पूर्ण बंद केलंत तर पुढच्या वेळी लोडर पुन्हा चालवावा लागतो. इन्फिनिटी नावाचा प्रोग्राम वापरून हे कायमचं करता येतं, पण त्यात फ्लॅशवर लिहिलं जातं. मुलांच्या हातात जाणाऱ्या मशीनला मी ते करणार नाही. रोज एकदा लोडर चालवणं परवडतं, मेलेला 3000 उठवणं परवडत नाही. जुन्या 1000 वर पँडोरा बॅटरीने (मशीनला दुरुस्तीच्या अवस्थेत नेणाऱ्या खास बॅटरीने) सुटका होते, 3000 वर ती चालत नाही. तिथे यूएसबी-टीटीएल अडॅप्टरने पीसी जोडून बॅरियन स्वीपर नावाचा प्रोग्राम वापरावा लागतो आणि ते काम नवख्याचं नाही.


बूटरॉम_वाचक

वरचं सगळं बरोबर आहे. तिन्ही मशीनना वेगळी वागणूक का द्यायची ते सांगतो. हे समजलं की कुणी दुकानदार फसवू शकणार नाही.

प्रत्येक हँडहेल्डमध्ये विश्वासाची साखळी असते. चालू होताना प्रोसेसरच्या आत कोरलेला छोटा कोड, म्हणजे बूटरॉम, पुढच्या कोडची सही (कोड कंपनीने मान्य केल्याची गणिती खूण) तपासतो. तो त्याच्या पुढच्याची तपासतो, असं करत शेवटी तुमच्या प्रोग्रामपर्यंत येतं. तुमचा 80020148 म्हणजे शेवटच्या कडीने दिलेला नकार : फाईल ठीक आहे, पण कंपनीची सही नाही. कंपनीचा ताबा म्हणतात तो हाच. मशीन तुमचं, बिल तुमचं, पण त्यावर काय चालेल हे सहीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो ठरवतो.

आता प्रश्न एवढाच की चूक कोणत्या कडीत सापडली. वरच्या कडीत, म्हणजे गेममध्ये किंवा मेनूत सापडली, तर कंपनी अपडेट देऊन ती बुजवते. पीएसपीच्या पहिल्या काही वर्षांत हेच चाललं होतं : कधी चित्र वाचण्यातली चूक, कधी एखाद्या गेमची सेव्ह फाईल, आणि प्रत्येक वेळी मागोमाग नवं फर्मवेअर. बूटरॉममध्ये चूक सापडली तर विकलेल्या मशीनमध्ये ती दुरुस्त होत नाही, कारण तो कोड कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो.

पीएसपीची 2007 ची पँडोरा तिसऱ्याच प्रकारची. बॅटरीच्या चिपमधला अनुक्रमांक सगळे एफ केला की मशीन सर्व्हिस सेंटरचं समजून आतल्या फ्लॅशऐवजी मेमरी स्टिकवरून चालू होत असे. कंपनीने स्वतःच्या दुरुस्तीसाठी ठेवलेलं दार लोकांना सापडलं. मग 2000 मॉडेलच्या टीए-088 व्ही3 बोर्डापासून ते बंद झालं आणि 3000 ला मुळातच मिळालं नाही.

पुढे 2010 च्या डिसेंबरात बर्लिनच्या हॅकर परिषदेत फेलओव्हरफ्लो गटाने दाखवलं की पीएस-3 (सोनीचंच टीव्हीला जोडायचं गेम मशीन) च्या सह्यांमध्ये दर वेळी बदलायला हवा असा यादृच्छिक आकडा कायम एकच वापरला होता. त्यातून खासगी किल्ली गणिताने काढता येत होती. पीएस-3 च्या पोटात पीएसपीच्याही किल्ल्या होत्या, म्हणून 2011 च्या सुरुवातीपासून पीएसपीसाठी खरी वाटणारी सही करता येऊ लागली. एआरकेचा लोडर मूळ फर्मवेअरवर गुपचूप चालतो तो यामुळे. 6.61 हे 2015 चं शेवटचं फर्मवेअर, म्हणून पीएसपीवर अपडेटला घाबरायचं कारण नाही.

थ्रीडीएस : 2016 च्या अखेरीस सायहॅक ही बूटरॉममधली चूक जाहीर झाली. बूटरॉम सही उलगडताना लांबीची तपासणी नीट करत नाही, त्यामुळे खास बनवलेली खोटी सही ग्राह्य धरली जाते. 2017 मध्ये त्यावर आधारलेला, मशीन चालू होतानाच आपला कोड चालवणारा बूट9स्ट्रॅप आला. सगळी थ्रीडीएस आणि टूडीएस मॉडेलं यात येतात. 11.17 वर तिथपर्यंत पोचायला एमसेट9 वापरा. ही पद्धत एसडी कार्डावरच्या एका लांबलचक नावाच्या फोल्डरचं नाव बदलते. काम झाल्यावर त्याच स्क्रिप्टमधला काढून टाकण्याचा पर्याय चालवायचा असतो. तो विसरला की मशीनला कार्डावरचं काहीच दिसत नाही आणि लोक घाबरून कार्ड फॉरमॅट करतात. डेटा तसाच असतो, फक्त नाव परत करायचं राहिलेलं असतं. 64 जीबी किंवा मोठं कार्ड एक्सफॅटमध्ये येतं, ते फॅट32 करून घ्या. शेवटी गॉडमोड9 (फाईली आणि फ्लॅश हाताळणारा प्रोग्राम) मधून आतल्या फ्लॅशची प्रत काढा, साधारण 1 जीबीची होते, आणि ती दोन ठिकाणी ठेवा. ही प्रत नसलेलं थ्रीडीएस मुलांच्या हातात देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

स्विच : 2018 च्या एप्रिलमध्ये स्विचच्या टेग्रा एक्स1 प्रोसेसरच्या बूटरॉममधली चूक उघड झाली. यूएसबीवरून येणारी विनंती स्वतःची लांबी सांगते आणि रॉम ती न तपासता 65,535 बाइटपर्यंत नक्कल करतो, त्यात स्टॅक (चालू कामाची तात्पुरती मेमरी) ओलांडला जातो. त्याच वर्षीच्या मध्यापासून कारखान्यातच फ्यूज जाळून दुरुस्ती होऊ लागली. म्हणजे तुमचं मशीन त्याआधीचं असेल तर ते कायम उघडं, नंतरचं असेल तर खरंच चिप लागते. अनुक्रमांकावरून ते कळतं. दुकानदाराचं म्हणणं तीनपैकी फक्त इथंच खरं असू शकतं.

तरीही स्विच सोडून द्या. जुन्या मशीनलासुद्धा उजवा कंट्रोलर बसतो त्या पट्टीतली दहावी पिन ग्राउंडला जोडावी लागते, आणि त्याच पट्टीत 5 व्होल्टची पिनही आहे. चिपचं काम तर प्रोसेसरशेजारच्या केसाएवढ्या जागी सोल्डरिंग आहे. शिवाय निंटेंडो प्रत्येक मशीनच्या स्वतंत्र प्रमाणपत्रावरून ऑनलाइन बंदी घालते आणि ती मशीनला चिकटते, खात्याला नाही. 2025 च्या मे महिन्यात त्यांनी अमेरिकेतल्या करारात असंही लिहिलं की अटी मोडल्या तर मशीन पूर्ण किंवा अंशतः कायमचं निकामी केलं जाऊ शकतं. विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याने असा हक्क ठेवणं मला अजिबात मान्य नाही, पण देणगीतल्या मशीनवर तो वाद लढू नका. विकायचं झालं तर न छेडलेल्या स्विचला चांगली किंमत येते.


जोडाक्षर

खरी अडचण तुम्हाला अजून भेटायची आहे, आणि ती कंपनीने घातलेली नाही.

पीएसपीच्या किंवा थ्रीडीएसच्या आतल्या फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे चौकोन दिसतील. मुलं म्हणतील, आपला फाँट टाकू. टाकला तरी एकेक युनिकोड अक्षर डावीकडून उजवीकडे छापलं की ‘ज्योतिबा’मधला ज पाय मोडका दिसेल, य त्याच्याशेजारी सुटा पडेल आणि ति ची वेलांटी त च्या उजवीकडे जाईल. ‘पन्हाळा’तला न्ह फुटेल. ‘गगनगिरी’ची दुसरी वेलांटी ठीक दिसेल आणि पहिली नाही, मग मुलं तासभर चुकीच्या ठिकाणी दोष शोधतील. ‘दऱ्या’तला अर्धा र तर हमखास बिघडतो. अक्षरं कशी जोडायची, रफार कुठे न्यायचा, हे नियम फाँटच्या आत असतात आणि ते लावायला हार्फबझसारखी लायब्ररी लागते.

तुमच्या खेळात शब्द आधीच ठरलेले आहेत, म्हणून लायब्ररी पीएसपीवर चढवायची गरज नाही. शब्दांची चित्रं पीसीवरच करून घ्या.

पायथनमध्ये पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरा आणि अक्षरांच्या मांडणीसाठी राक्म (हार्फबझ वापरणारी लायब्ररी) निवडा. आधी राक्म उपलब्ध आहे का ते पिलोच्या फीचर्स तपासणीने बघा. नसेल तर पिलो काम थांबवत नाही, साध्या मांडणीवर जातं आणि शब्द फुटलेलेच निघतात. उबंटूवर बहुतेक वेळा राक्मला लागणारी फ्रिबिडी लायब्ररी बसवलेली नसणं हे कारण असतं. फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही खुल्या परवान्याचे.

24 पिक्सेलचा फाँट घेतलात तर ओळीला 36 पिक्सेल उंची द्या. शिरोरेषेवर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या हिशेबाने ओळ ठेवली तर ते कापले जातात. पीएसपीचं टेक्स्चर (ग्राफिक्सला द्यायचं चित्राचं पान) जास्तीत जास्त 512 बाय 512 असतं, एका पानावर साठ-सत्तर शब्द बसतात. शब्दांमध्ये 2 पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर शेजारच्या शब्दाची कड दिसते. प्रत्येक शब्दासाठी पान, एक्स, वाय, रुंदी, उंची एवढी नोंद एका तक्त्यात ठेवा. मुलांना स्ट्रक्चर आणि अ‍ॅरे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पान 32-बिटात ठेवलं तर 1 एमबी खातं. 4-बिट पॅलेटमध्ये (सोळा रंगांच्या यादीत) 128 केबी. अक्षरांना तसेही फिकेपणाचे सोळा टप्पे पुरतात : सोळा नोंदींना रंग एकच ठेवा आणि पारदर्शकता चढती. मग नुसती पॅलेट बदलून बरोबर उत्तर हिरवं, चूक लाल करता येतं.

व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) 2 एमबी आहे. पडदा 480 बाय 272 असला तरी ओळ 512 ची धरावी लागते, म्हणून 32-बिटाचा एक बफर (पडद्यावरच्या चित्राची जागा) 5,57,056 बाइटचा आणि दोन मिळून 11,14,112. उरलेल्या जागेत अशी सात पानं बसतात. जिल्ह्यातली गावं-किल्ले-नद्या यांना एवढं भरपूर झालं, आणि उरलं तर मुख्य मेमरीत ठेवा, 3000 मध्ये 64 एमबी आहे.


कलम_पासष्ट

कायद्याचं विचारलंत म्हणून. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये 2012 च्या दुरुस्तीने कलम 65-अ आलं. संरक्षक तांत्रिक उपाय मोडणं हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात महत्त्वाची अट आहे : हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने मोडलेला असला पाहिजे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी केलेल्या कृतीला त्याच कलमाच्या पोटकलमात सूट आहे. शिवाय कलम 52(1)(एबी) नुसार, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामबरोबर चालावा म्हणून लागणारी माहिती मिळवणं, ती सहज उपलब्ध नसेल तर, भंग ठरत नाही. स्वतः लिहिलेला शब्दखेळ स्वतःच्या मशीनवर चालवणं भंगाच्या हेतूपासून फार दूर आहे.

एक तरतूद मात्र दुकानदारांना माहीतच नसते. असं काम दुसऱ्याला करून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवायची असते. तुम्ही वर्गात मुलांच्या मशीनवर हे करून देणार असाल तर एक वही घाला : तारीख, नाव, पत्ता, मशीनचा अनुक्रमांक, हेतू, पालकांची सही. मशीन वर्गाचंच असेल तरी देणगीची पावती जपून ठेवा.

आणि कार्डावर कुणी उतरवलेला गेम सापडला तर त्या दिवशीच काढा. हेतूबद्दलचा तुमचा सगळा युक्तिवाद त्या एका फाईलने कमजोर होतो.


राजारामपुरी_रविवार

सगळ्यांचे मनापासून आभार. मशीन परत आणली, फुगलेली बॅटरी काढून नवी घातली, 6.61 आणि एआरके-4 झालं, नमुना प्रोग्राम चालला. जोडाक्षर यांच्या पद्धतीने पहिलं पानही बनवलं. पीसीवर पीएसपीची नक्कल करणाऱ्या पीपीएसएसपीपी इम्युलेटरवर शब्द सुबक दिसतात, पण खऱ्या पीएसपीवर काही शब्दांवर आडव्या तुटक रेघा येतात आणि दर वेळी वेगळ्या जागी. दुसरं म्हणजे होम दाबून बाहेर पडता येत नाही.


जोडाक्षर

रेघांचं कारण कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी. तुम्ही फाईल वाचून पान मेमरीत लिहिता ते आधी प्रोसेसरच्या कॅशमध्ये जातं. ग्राफिक्सचा भाग थेट मुख्य मेमरीतून वाचतो, त्याला काही ओळी नव्या आणि काही जुन्या मिळतात. पान भरून झाल्यावर, काढायच्या आधी, एससीई कर्नल डीकॅश राइटबॅक ऑल एकदा बोलवा. इम्युलेटर कॅशची नक्कल करत नाही म्हणून तिथे दिसलं नाही. टेक्स्चरचा पत्ता 16 बाइटला जुळलेला आहे ना तेही बघा, साध्या अ‍ॅरेत अलाइन लिहायचं राहून जातं.


उद्यमनगर_सोल्डर

होमसाठी एक्झिट कॉलबॅक (बाहेर पडताना बोलावलं जाणारं फंक्शन) नोंदवणारा वेगळा थ्रेड (समांतर चालणारं काम) मेनच्या सुरुवातीलाच सुरू करावा लागतो. पीएसपीएसडीके या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनसंचाच्या जवळपास प्रत्येक नमुन्यात सेटअप कॉलबॅक्स नावाने तो दिलेला आहे, तसाच उचला. त्या थ्रेडने झोपताना कॉलबॅक स्वीकारणारा प्रकार वापरायचा, स्लीप थ्रेड सीबी. शेवटची दोन अक्षरं (सीबी) गाळली तर कंपाइल होतं, होम मात्र मुकाच राहतो.

थ्रीडीएसकडे वळाल तेव्हा कार्ड सारखं काढू-घालू नका. होमब्रू लाँचरमध्ये (स्वतः लिहिलेले प्रोग्राम चालवणाऱ्या मेनूत) वाय दाबा आणि पीसीवरून थ्रीडीएसलिंकने फाईल वायफायवर पाठवा. राउटरचा 2.4 गिगाहर्ट्झ पट्टा चालू हवा, 5 त्याला दिसत नाही. डब्ल्यूपीए-2 त्याला चालतं.